परक्या टॉवरखाली

फ्रँकफर्टच्या धावपट्टीला विमानाची चाकं टेकतात आणि केबिनमधले शे-दोनशे फोन एकदमच एअरप्लेन मोडमधून बाहेर येतात. पुढचं अर्धं-एक मिनिट पडद्यावर नुसतं ‘सर्चिंग’ दिसत राहतं. माणसं फोन खिडकीशी धरतात, कोणी तो बंद करून परत चालू करतं. रेंज मिळत नाही असा सगळ्यांचा समज असतो. रेंज तर तिथे पुष्कळ असते. वेळ जातो तो ओळख पटवण्यात.

सिमकार्डात १५ आकडी एक क्रमांक साठवलेला असतो. आपल्या मोबाइल नंबरपेक्षा तो वेगळा. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे, भारतासाठी ४०४ किंवा ४०५. पुढचे दोन-तीन कंपनीचे आणि उरलेले आपले. फोन हा क्रमांक जर्मन टॉवरच्या हवाली करतो. त्या कंपनीला आपण कोण, कुठले, काही ठाऊक नसतं, पण सुरुवातीचे आकडे पाहून कोणाकडे चौकशी करायची ते कळतं. लग्नाच्या मांडवात अनोळखी पाहुणा शिरला की वधूकडचे हळूच वराकडच्यांना विचारतात, “हे तुमच्यापैकी का?” तशीच ही चौकशी. फक्त उत्तर नुसत्या ‘हो’वर भागत नाही. भारतातली कंपनी एक मोठा आकडा आणि त्यावर सिमने काय उत्तर द्यायला हवं, असं दोन्ही पाठवते. जर्मन यंत्रणा तो आकडा फोनकडे देते, सिममधली चिप आपल्या पोटातल्या गुप्त किल्लीने त्यावर गणित करते, आणि दोन उत्तरं जुळली तरच प्रवेश मिळतो. ती किल्ली दोनच ठिकाणी असते, चिपमध्ये आणि भारतातल्या कंपनीच्या संगणकात. जर्मन कंपनीला ती कधीच दिसत नाही. हे सगळं पार पडलं की ‘वेलकम टू जर्मनी’ असा मेसेज येतो. तो बहुधा जर्मनीतून नव्हे, आपल्याच कंपनीने भारतातून धाडलेला असतो.

कधीकधी हा खेळ मुद्दाम लांबवलाही जातो. एकाच देशात तीन-चार कंपन्या असतात आणि आपल्या कंपनीचा त्यांतल्या एखादीशी स्वस्तातला करार असतो. फोनने दुसऱ्याच कंपनीचा टॉवर गाठला, तर घरची कंपनी दोन-चार वेळा नकार देते, म्हणजे फोन आपोआप ‘आपल्या’ कंपनीकडे वळावा. त्या टॉवरचे पाचच्या पाच दांडे दिसत असतात आणि नेट मात्र नाही, यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. अशा वेळी सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडून पाहावं. जमतंच असं नाही, पण अनेकदा जमतं.

ही व्यवस्था मोबाइल फोनला मागाहून चिकटवलेली नाही. १९८७ साली कोपनहेगनमध्ये १३ देशांच्या दूरसंचार कंपन्यांनी जीएसएम या मोबाइल पद्धतीच्या करारावर सह्या केल्या, तेव्हाच एका देशाचा फोन दुसऱ्या देशात चालला पाहिजे ही अट डोळ्यांपुढे होती. फोन आणि ग्राहकाची ओळख या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून ओळख एका छोट्या कार्डात घालण्याची कल्पना त्यातूनच पक्की झाली. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये या पद्धतीचा पहिला कॉल झाला. माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी तो टाम्पेरे शहराच्या उपमहापौर कारिना सुओनियो यांना केला होता. पुढच्याच वर्षी फिनलंड आणि ब्रिटन इथल्या दोन कंपन्यांमध्ये रोमिंगचा पहिला करार झाला.

तर फोन आत आला. आता डेटाकडे वळू. इथेच बहुतेकांची समजूत चुकते. जर्मनीत बसून नेट वापरतो आहोत, म्हणजे आपला डेटा जर्मनीतून इंटरनेटवर जात असेल, असं वाटतं. भारतीय सिमवरच्या रोमिंगमध्ये सहसा तसं होत नाही. जर्मन कंपनी आपला डेटा उघडूनही बघत नाही. ती तो एका बंद नळीत घालून थेट भारतातल्या कंपनीच्या दारापर्यंत पोचवते आणि तो इंटरनेटवर बाहेर पडतो तो त्या दारातून. समजा हे दार मुंबईत आहे. मग फ्रँकफर्टच्या हॉटेलात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बायकोला पाठवलेला फोटो भूमध्य समुद्र, इजिप्त, तांबडा समुद्र, अरबी समुद्र असा प्रवास करून मुंबईत येतो. समुद्राखालच्या केबलांपैकी अनेक वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात, तिथून तो दाराशी जातो आणि बायकोचंही सिम भारतीय असेल तर त्याच वाटेने उलटा फ्रँकफर्टला पोचतो.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट हे अंतर सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर. एखादी वेबसाइट फ्रँकफर्टमधल्याच सर्व्हरवर असली, तरी आपली विनंती मुंबईला, तिथून परत फ्रँकफर्टला, उत्तर पुन्हा मुंबईला आणि मग आपल्याकडे, अशा चार खेपा होतात. २६ हजार किलोमीटर, म्हणजे कमीत कमी ०.१३ सेकंद. केबल काही सरळ रेषेत जात नाही, तेव्हा खरा आकडा याहून मोठा. एक पान उघडायला अशा अनेक फेऱ्या लागतात. वेगाच्या चाचणीत आकडा झकास येतो आणि तरीही पानं रेंगाळत उघडतात, ते यामुळे.

डेटा कुठल्या दारातून बाहेर पडतो हे एकदा लक्षात ठेवलं की प्रवासातले बरेचसे चमत्कार उलगडतात. शांघायला कामानिमित्त गेलेला माणूस भारतीय सिमच्या रोमिंगवर व्हॉट्सॲप आणि गूगल आरामात वापरतो, आणि हॉटेलच्या वायफायवर गेला की दोन्ही बंद. चीनची इंटरनेटवरची नाकेबंदी देशातून बाहेर पडणाऱ्या दारांवर बसवलेली आहे आणि रोमिंगचा डेटा त्या दारांतून जातच नाही. लंडनमध्ये हॉटेलच्या वायफायवर भारतातल्या ॲपवरची मॅच दिसत नाही, रोमिंगवर अनेकदा दिसते, कारण ॲपच्या लेखी आपण अजून भारतातच आहोत. याच्या उलट गंमत प्रवासी ई-सिममध्ये होते. जपानसाठी विकत घेतलेलं ई-सिम पुष्कळदा मुळात हाँगकाँग किंवा सिंगापूरच्या कंपनीचं असतं. टोकियोत बसून चॅटजीपीटी उघडावं तर ‘तुमच्या देशात ही सेवा नाही’ असं उत्तर येतं. जपानमध्ये ती आहे, हाँगकाँगमध्ये नाही, आणि आपला डेटा हाँगकाँगच्या दारातून बाहेर पडलेला असतो. बँकेच्या ॲपलाही असाच संशय येतो. सकाळी पुण्यात असलेला ग्राहक संध्याकाळी हाँगकाँगमधून लॉगिन करतोय म्हटल्यावर ते हात आखडतं.

आता पैशांकडे येऊ. जर्मन कंपनी आपल्या प्रत्येक वापराची नोंद ठेवते, त्या नोंदींची फाइल भारतात पाठवते आणि ठरलेल्या घाऊक दराने पैसे मागते. त्यावर आपली कंपनी स्वतःचा नफा चढवते. ग्राहक या घाऊक सौद्यात कुठेच नसतो आणि यजमान कंपनीला त्याला खूश ठेवायची गरज नसते, कारण तो चार दिवसांत जाणार. म्हणून दर वर्षानुवर्षं चढेच राहिले. हे समजायला परदेशातही जायला नको. एकेकाळी मुंबई हे एक सर्कल होतं आणि उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. पुण्याचा माणूस मुंबईत उतरला की रोमिंगमध्ये जायचा आणि आलेला कॉल उचलायलाही पैसे पडायचे. खर्च वाचवण्यासाठी लोक मिस्ड कॉल देऊन पीसीओ शोधत हिंडायचे. डोंगर ओलांडताना तारा महाग होत नव्हत्या, मध्ये फक्त परवान्याची रेघ होती.

युरोपीय संघाने ही रेघ पुसायची ठरवली. व्हिव्हियन रेडिंग या आयुक्त असताना २००७ मध्ये कॉलच्या दरांवर पहिली मर्यादा आली. डेटाचं बिल ५० युरोवर पोचलं की ग्राहकाने वेगळं सांगितल्याशिवाय पुढचा डेटा तोडायचा, हा नियम २०१० मध्ये लागू झाला. सुट्टीत मुलांनी व्हिडिओ पाहिले आणि घरी हजारो युरोंचं बिल आलं, अशा तक्रारींनी तेव्हा तिथली वर्तमानपत्रं भरलेली असत. शेवटी १५ जून २०१७ पासून संघाच्या एका देशातलं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दराने चालू लागलं. त्यासाठी घाऊक दरावरही लगाम घालावा लागला. २०१७ मध्ये एका जीबीला जास्तीत जास्त ७.७ युरो ही मर्यादा होती, ती टप्प्याटप्प्याने उतरून २०२७ मध्ये एक युरोवर येणार आहे. २०२२ मध्ये या नियमांना आणखी दहा वर्षं मिळाली.

युरोपच्या सहलीवर निघालेल्या आपल्या माणसाच्या हे कामाचं आहे, कारण पॅरिसला घेतलेलं सिम रोममध्येही चालतं. पण नकाशावरचा युरोप आणि या नियमातला युरोप एक नाही. मराठी टूर कंपन्यांची एक ठरलेली वाट घ्या. ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळ वॅटन्सला स्वारोव्स्कीचे स्फटिक बघायचे, तिथून बस लिख्टेनस्टाइनच्या वाडुझ गावात, तिथे चुंबक आणि कॉफी, आणि मग ल्युसर्न. ऑस्ट्रिया संघात आहे, सिम चालू. लिख्टेनस्टाइन संघात नाही, पण नॉर्वे आणि आइसलँडप्रमाणे त्याच्या आर्थिक क्षेत्रात आहे, तिथेही सिम चालू. जेमतेम २५ किलोमीटर लांबीचा तो देश संपतो, बस ऱ्हाइन नदीवरचा पूल ओलांडते. पासपोर्ट कोणी मागत नाही, कारण स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे. बसमधल्या कोणाच्या गप्पाही थांबत नाहीत. फोनसाठी मात्र तीच खरी सरहद्द. स्वित्झर्लंड त्या आर्थिक क्षेत्रात नाही. काही कंपन्या त्याला आपणहून पॅकमध्ये धरतात, पण तशी सक्ती नाही. आणि सहलीचे निम्मे फोटो तर युंगफ्राऊ आणि टिटलिसवरच काढायचे असतात! ब्रेक्झिटनंतर ब्रिटनचंही तसंच. म्हणून ‘युरोप पॅक’ या नावावर न जाता त्याखालची देशांची यादी वाचावी, आणि स्वित्झर्लंड व ब्रिटन ही दोन नावं बोट ठेवून शोधावीत.

जहाजं आणि विमानं यांची तर सरहद्दच वेगळी. काही जहाजांवर आणि विमानांत उपग्रहाला जोडलेला छोटा टॉवर असतो. त्याच्या क्रमांकाची सुरुवात ९०१ ने होते आणि ९०१ हा कोणत्याच देशाचा क्रमांक नाही. आपल्या पॅकमध्ये दीडशे देश असले तरी हा त्यांत बहुधा नसतो आणि दर भलताच असतो. क्रूझवर चढलं की किनारा मागे पडण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाकावा आणि हवं तर जहाजाचं वायफाय घ्यावं.

मग घ्यायचं काय? चार-पाच दिवसांची सहल असेल, आई-वडील ग्रुपबरोबर निघाले असतील, तर भारतीय कंपनीचं रोमिंग पॅक घ्यावं आणि मोकळं व्हावं. थोडे पैसे जास्त गेले तरी सिम काढा-घाला नाही, नंबर बदलत नाही, घरून आलेला फोन लागतो. फक्त पॅक निघण्याआधी चालू करून ठेवावं. आपल्याकडे परदेशी रोमिंग मागून घ्यावं लागतं आणि विमानतळाच्या गर्दीत कस्टमर केअरशी बोलण्याइतका वैताग दुसरा नाही.

महिनाभर किंवा जास्त राहायचं असेल तर तिथलंच सिम. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडलं की सिमचे काउंटर ओळीने लागतात. काउंटरवरची मुलगी पासपोर्ट मागते, त्याचा फोटो काढते, बारीक पिनेने ट्रे उघडते, नवं सिम बसवते आणि जुनं नखाएवढं सिम पारदर्शक टेपने रिकाम्या कार्डावर चिकटवून हातात देते. ते कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवावं. शर्टाच्या खिशातून पडलेलं सिम परत मिळत नाही. जपानमध्ये पर्यटकांना मिळणारी सिमं बहुतेक फक्त डेटाची असतात, त्यांना फोन नंबर नसतो. तिथल्या कायद्याने बोलण्याच्या नंबरसाठी ओळख पटवण्याच्या अटी कडक आहेत. टेबल राखून ठेवायला हॉटेलवाल्याने नंबर मागितला, की तिथे अडायला होतं.

मधल्या मुक्कामासाठी, आणि विशेषतः तीन-चार देश एका दमात करायचे असतील तर, माझी पसंती ई-सिमला. यात कार्ड नसतं. फोनमध्ये कायमची बसवलेली चिप असते आणि क्यूआर कोड स्कॅन केला की कंपनीच्या सर्व्हरवरून तिच्यात नवी ओळख उतरते. ग्राहकांच्या फोनसाठीचा हा मानक नियम २०१६ च्या सुमारास आला. २०१७ चा पिक्सेल २ आणि २०१८ चा आयफोन एक्सएस यांनी तो लोकांपर्यंत नेला. २०२२ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना सिमचा ट्रेच नाही. भाच्याने न्यू जर्सीहून आणलेला आयफोन घेऊन एखाद्या छोट्या गावात सिम विकत घ्यायला गेलात, तर दुकानदार कार्ड हातात धरून फोनची कड चाचपत राहतो.

ई-सिमच्या बाबतीत दोन गोष्टी हमखास घोळ करतात. पहिली म्हणजे ते फोनमध्ये उतरवायला इंटरनेट लागतं. म्हणून हे काम घरच्या वायफायवर उरकावं. कोड साधारणपणे एकदाच चालतो, तेव्हा हौस म्हणून तो दोन फोनांत टाकून बघू नये. मुदत उतरवल्या दिवसापासून मोजणार की परदेशात पहिल्यांदा नेटवर्क मिळाल्यापासून, हे घेतानाच वाचावं. दुसरी गोष्ट जास्त चकवते. खर्चाच्या धास्तीने लोक दोन्ही सिमांचं ‘डेटा रोमिंग’ बंद करतात आणि मग नेट नाही म्हणून ई-सिम कंपनीला शिव्या घालतात. आपण वर पाहिलं, की हे ई-सिम बहुधा स्वतःच परक्या देशातलं असतं. त्याच्यासाठी जपान हाही परदेशच. म्हणून ई-सिमवर डेटा रोमिंग चालू हवं आणि भारतीय सिमवर बंद. भारतीय सिम मात्र बंद करू नये. मोबाइल डेटासाठी ई-सिम निवडावं आणि ‘गरज पडल्यास दुसऱ्या सिमचा डेटा वापरा’ असा जो पर्याय असतो, तो बंद ठेवावा. नाहीतर बोगद्यात ई-सिमची रेंज गेली की फोन मदतीला म्हणून भारतीय सिमकडे डेटा मागायला जातो. व्हॉट्सॲप जुन्या नंबरावरच चालू राहतं. नवा नंबर टाकायचा का असं त्याने विचारलं, तर नाही म्हणावं.

डेटा खातं कोण, याची यादी लांब आहे, पण दोन नावं पुरेत. फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप आणि व्हॉट्सॲपवर आपोआप उतरणारे व्हिडिओ. सोसायटीच्या ग्रुपवरचं सुप्रभात परदेशात फार महाग पडतं. याउलट नकाशा फुकट चालवता येतो. शहराचा नकाशा आधी उतरवून घेतला की निळा ठिपका डेटाविना दिसत राहतो, कारण फोन जीपीएस उपग्रहांचे संकेत फक्त ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही.

खरी काळजी मात्र लांबच्या मुक्कामाची, आणि ती मराठी घरांत सर्वांत जास्त दिसते ती लेकीकडे किंवा मुलाकडे सहा महिने अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांची. तिथे गेल्यावर मुलगा त्यांना आपल्या फॅमिली प्लॅनवर घेतो, नेटचा प्रश्न मिटतो. पण बँक, म्युच्युअल फंड, गॅस, वीज, आधार हे सगळं बांधलेलं असतं पुण्याच्या नंबरला. तो नंबर प्रीपेड असेल आणि वापरच झाला नाही, तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे ९० दिवसांनंतर कंपनी तो बंद करू शकते. काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळतो आणि आपल्या खात्याचे ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर खणखणू लागतात. म्हणून निघण्यापूर्वी वर्षभराचा रिचार्ज मारावा किंवा नंबर पोस्टपेड करून घ्यावा, आणि परदेशी रोमिंग चालू ठेवून डेटा तेवढा बंद करावा. आलेल्या एसएमएसला भारतीय कंपन्या रोमिंगमध्ये सहसा पैसे लावत नाहीत, पण त्यासाठी पॅक लागतं का हे ज्याने त्याने आपापल्या कंपनीला विचारून घ्यावं. फोन अमेरिकेत चालतो का, हेही एकदा बघावं. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी टूजी आणि थ्रीजी गुंडाळलं आहे, त्यामुळे आजोबांचा बटणांचा जुना फोन तिथे ओटीपीसाठीसुद्धा उपयोगाचा नाही.

अनेक घरांत यावर एक घरगुती तोडगा निघालेला आहे. बाबांचं सिम जुन्या फोनात घालून तो पुण्यात धाकट्या लेकीच्या टेबलावर चार्जिंगला लावून ठेवायचा. बाबा न्यू जर्सीतल्या एडिसनहून तिला फोन लावतात, “बघ गं, आला का?” ती आकडे वाचून दाखवते. बँकेने ओटीपी कोणालाही सांगू नका असं बजावलेलं असतं. लेक म्हणजे कोणी परकी नाही, असं बाबांचं म्हणणं. अडचण येते ती घड्याळाची. उन्हाळ्यात न्यू जर्सीत रात्रीचे आठ वाजलेले असतात तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेपाच. त्यापेक्षा ज्या बँका ईमेलवर किंवा ॲपमध्ये मंजुरी देतात, तिथे तशी सोय शाखेत जाऊन आधीच करून घ्यावी. निघण्याच्या आठवड्यात नव्हे, महिनाभर आधी. अर्ज, सही जुळणं आणि ‘सिस्टीम डाउन आहे, उद्या या’ एवढ्यात दोन-तीन खेपा सहज जातात.